तुमचा 'मेड इन जपान' कोणत्या सालचा?

दादरला, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात रविवारची जेवणं उरकली की पडदे ओढले जातात आणि पंखा बंद होतो. पंख्याच्या घरघरीत ऑर्गनचे सुरुवातीचे हळू सूर बुडतात, म्हणून. बँकेतून निवृत्त झालेले घरमालक, ज्यांना सगळे नुसतं काका म्हणतात, मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप उघडतात आणि फोन सोफ्याच्या मधल्या गादीवर ठेवतात. 'डीप पर्पल'च्या 'मेड इन जपान' या अल्बममधलं 'चाइल्ड इन टाइम' आज तीनदा वाजणार आहे. एकदा जुन्या एलपीवरून, एकदा काकांनी हौसेने जपलेल्या सीडीवरून आणि एकदा अलीकडच्या रिमिक्सवरून. तिन्हींचा आवाज सारखा करून घेतल्याशिवाय कुणीही मत द्यायचं नाही, असा इथला नियम आहे.

या नियमाला कारण आहे. दोन प्रतींपैकी जी जराशी मोठ्याने वाजते तीच माणसाला सरस वाटते. आवाज हळू असला की आपला कान खालचे, खर्जाचे सूर कमी पकडतो. आवाज वाढवला की तेच सूर भरून येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. दुकानात स्पीकर विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, आणि पुढे रेकॉर्ड कंपन्यांनाही ते फार चांगलं ठाऊक झालं. त्यामुळे आवाज सारखा न करता केलेली तुलना इथे कुणी मानत नाही.

काका रेकॉर्डवरून ब्रश फिरवतात, पिन खाली येते, थोडी खरखर होते आणि जॉन लॉर्डचा ऑर्गन सुरू होतो. इयन गिलन इतका हळू गातो की खोलीतला प्रत्येक जण थोडा पुढे झुकतो. बारा मिनिटांच्या त्या गाण्यात तोच गिलन पुढे किंकाळीच्या टोकाला जातो, रिची ब्लॅकमोरची गिटार सुसाट सुटते आणि मग सगळं पुन्हा शांत होतं. रुईयात शिकणारा एक मुलगा तिन्ही वेळा डोळे मिटून ऐकतो. मालिकांचं साउंड मिक्सिंग करणारी, गोरेगावच्या एका स्टुडिओत काम करणारी इंजिनिअर वहीत काहीतरी टिपत राहते.

"काका, तुमच्या एलपीत बेस कुठे आहे?" मुलगा विचारतो.

"आहे ना. तुला तो हेडफोनमध्ये ऐकायची सवय झाली आहे, म्हणून लहान वाटतो. आधी ती कुजबुज ऐक आणि मग ती किंकाळी. मधलं अंतर बघ केवढं आहे."

मुलाला रिमिक्स आवडलं. रॉजर ग्लोव्हरच्या बेसचा सूर न् सूर त्याला सुटा ऐकू आला. इंजिनिअरबाईंचं मत सीडीला गेलं. एकमत झालं नाही, चहा आला तरी वाद थांबला नाही, आणि चहानंतर गाणं चौथ्यांदा लागलं.

या अंकासाठी संपादकांनी 'डागडुजी' हा विषय दिला, तेव्हा वाडे, देवळं आणि पोथ्या यांवर लिहिणारे असतील हे गृहीत धरून मी या मंडळींकडे गेलो. पन्नास वर्षांपूर्वीचा आवाज दुरुस्त करायचा म्हणजे काय करायचं, तो कुणी करायचा आणि दुरुस्तीनंतर मूळ वस्तू कुठे जाते, या प्रश्नांवर रॉक ऐकणाऱ्यांइतक्या तावातावाने क्वचितच कुणी भांडलं असेल.

तीन रात्री आणि आठ ट्रॅक

'मेड इन जपान' हा अशा भांडणांतला हुकमी विषय आहे. मुळात हा अल्बम करायची 'डीप पर्पल'ला फारशी इच्छा नव्हती. लाइव्ह रेकॉर्डिंगवर त्यांचा विश्वास नव्हता. जपानी रेकॉर्ड कंपनीचा आग्रह होता. शेवटी आपला इंजिनिअर मार्टिन बर्च सोबत असेल आणि टेप आपल्या पसंतीला उतरल्या तरच, या बोलीवर ते तयार झाले. ओसाकात १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ आणि टोकियोच्या बुडोकानमध्ये १७ ऑगस्ट, अशा तीन रात्री आठ ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित झाल्या. खर्च आला सुमारे तीन हजार डॉलर. नंतर स्टुडिओत बसून एकही सूर पुन्हा वाजवला गेला नाही. मिक्सिंगला बँडपैकी ग्लोव्हर आणि ड्रमर इयन पेस एवढेच हजर राहिले. गिलनला त्या दौऱ्यात ब्राँकायटिसने गाठलं होतं आणि स्वतःच्या गाण्यावर तो नाखूश होता. ज्या आवाजावर तो नाखूश होता, त्यावरच दोन पिढ्या फिदा झाल्या.

या मंडळींना कुठलं गाणं कुठल्या रात्रीचं हे तोंडपाठ आहे. 'स्मोक ऑन द वॉटर' तेवढं १५ तारखेचं. 'द म्यूल' आणि 'लेझी' टोकियोची. उरलेली सगळी १६ तारखेची. मुखपृष्ठावरचा फोटो मात्र जपानचा नाही, तो लंडनच्या रेनबो थिएटरमधला आहे. १९९३ मध्ये तिन्ही रात्री तीन सीडींच्या संचात आल्या आणि निवडीवरच प्रश्न विचारता येऊ लागले: अमुक गाण्यासाठी १६ ऐवजी १५ का नाही घेतली? १९९८ मध्ये रीमास्टर झालं, २०१४ मध्ये आणखी एक, आणि २०२५ मध्ये स्टीव्हन विल्सनने मूळ आठ ट्रॅकवरून नवं मिक्स केलं. म्हणजे 'मेड इन जपान ऐकलाय का?' या प्रश्नाला आज नुसतं 'हो' हे पुरेसं उत्तर नाही.

मला स्वतःला या अल्बमचं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्यात पाच माणसं एका मंचावर कुठे उभी आहेत ते कानाला दिसतं. एका बाजूला ऑर्गन, दुसऱ्या बाजूला गिटार, मध्ये ढोल आणि गळा. ब्लॅकमोर आणि लॉर्ड एकमेकांना डिवचतात, एकाने टाकलेली फिरत दुसरा उचलतो. सवाल-जवाबावर वाढलेल्या आपल्या कानाला ते समजावून सांगावं लागत नाही. आणि डागडुजी करणाऱ्याचा हात चुकला तर आधी जातं ते हेच: दोन वादकांमधलं अंतर.

कुणी, कुठे आणि कशासाठी बदललं

इंजिनिअरबाईंनी लॅपटॉप उघडला आणि मला सगळी वाट पहिल्यापासून दाखवली. गाणं मुद्रित होतं ते वेगवेगळ्या ट्रॅकवर: गळा एकीकडे, ढोल एकीकडे, बेस एकीकडे. हे सगळं तोलून डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांत आणायचं, ते मिक्सिंग. मग तयार झालेली ती दोन वाहिन्यांची टेप रेकॉर्डवर, कॅसेटवर किंवा सीडीवर नीट उतरावी म्हणून तिच्यावर शेवटचा हात फिरवायचा, ते मास्टरिंग. रीमास्टर करणारा माणूस या शेवटच्या टेपपासून सुरुवात करतो; गिटार जास्त आहे म्हणून तेवढी एकटी कमी करणं त्याच्या हातात नसतं. रिमिक्स करणारा आणखी मागे, सुट्या ट्रॅकपर्यंत जातो. त्याला जवळजवळ सगळंच बदलता येतं. डब्यावर मात्र दोघांच्याही कामाची जाहिरात एकाच उत्साहात छापलेली असते.

एलपीच्या काळात मास्टरिंग हे अक्षरशः कोरीवकाम होतं. खर्जाचा आवाज मोठा असेल तर खाच रुंद होते, सुई जास्त डोलते आणि एका बाजूवर कमी मिनिटं मावतात. म्हणून कोरताना बेस ठरावीक प्रमाणात कमी करायचा आणि वाजवताना अँपने तो परत भरून काढायचा, अशी रीतच पडली. कोरणाऱ्याने किती धाडस करायचं हा त्याचा निर्णय.

या धाडसाची प्रसिद्ध गोष्ट 'लेड झेपलिन टू'ची. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टर्लिंग साउंडमध्ये बॉब लडविग या तरुण इंजिनिअरने ती रेकॉर्ड दणदणीत कोरली. अ‍ॅटलांटिक कंपनीचे प्रमुख अहमत एर्तेगुन यांच्या मुलीच्या साध्या प्लेअरवर सुई उड्या मारू लागली, असं सांगतात. झालं, कंपनीने ती आवृत्ती मागे घेतली आणि नेमस्त आवाजात पुन्हा कोरून घेतली. लडविगने कोरलेल्या प्रती आज संग्राहक जिवापाड शोधतात. त्या ओळखायच्या कशा? काकांनी आपली एक दुसरीच रेकॉर्ड उचलली, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला आणि लेबलाजवळची गुळगुळीत काळी पट्टी दाखवली. गाणी संपल्यावर सुई जिथे फिरत राहते तिथे हाताने कोरलेले बारीक आकडे आणि अक्षरं होती. 'लेड झेपलिन टू'च्या त्या प्रतींवर याच जागी 'आरएल' अशी लडविगची आद्याक्षरं असतात. कव्हर, लेबल, गाण्यांची यादी सगळं तेच असलं तरी ही दोन अक्षरं नसतील तर रेकॉर्ड वेगळी.

रीमास्टरला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही, हे इथे सगळ्यांना मान्य आहे. सीडी आली तेव्हा घाईघाईत निघालेल्या कितीतरी सीडी मूळ मास्टरवरून न करता एलपी कोरण्यासाठी बनवलेल्या टेपवरून, म्हणजे प्रतीच्या प्रतीवरून केल्या गेल्या. प्रत्येक प्रतीगणिक टेपची सरसर वाढते आणि वरचे सूर बोथट होतात. पुढे मूळ टेप सापडल्यावर झालेली कामं खरोखर उजवी आहेत. रिमिक्सच्या बाबतीत विल्सनने 'किंग क्रिमसन', 'जेथ्रो टल' आणि 'येस' यांच्या अल्बमवर केलेलं काम ऐकून कट्टर मंडळीही मऊ झाली, कारण मूळ मिक्सचा तोल तो आधी समजून घेतो. याच्या उलट टोकाला 'रॉ पॉवर' आहे. १९७३ च्या या अल्बमचं डेव्हिड बोवीने केलेलं मिक्स पातळ वाटतं अशी तक्रार कायम होती. १९९७ मध्ये इगी पॉपने स्वतः नवं मिक्स केलं आणि ते इतकं तापवलं की आवाज फाटतो. गाणं ज्याचं त्यानेच बदललं, तरी लोकांनी बोवीचं मिक्स परत मागितलं. मला त्यांचं बरोबर वाटतं. पंचवीस वर्षं लोकांच्या कानात राहिलेली रेकॉर्ड एकट्या गायकाची उरत नाही.

सगळाच मजकूर ठळक

सीडीची मजा अशी की तिच्यात हळू आणि मोठा यांमधली जागा एलपीपेक्षा जास्त आहे. सोळा बिटांच्या हिशोबाने सुमारे ९६ डेसिबल. ऑर्गनची कुजबुज आणि गिलनची किंकाळी दोन्ही ऐसपैस मावतील एवढी. मिळालेली ही जागा पुढच्या वीस वर्षांत कंपन्यांनी स्वतःच्या हाताने बुजवली.

डिजिटल आवाजाला एक छत असतं, त्यावर काही जात नाही. रेडिओवर किंवा सीडी-चेंजरमध्ये आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा हळू वाटू नये म्हणून लिमिटर लावून शिखरं छाटायची आणि उरलेलं सगळं वर ढकलायचं, ही चढाओढ नव्वदच्या दशकात पेटली. इंजिनिअरबाईंनी पडद्यावर दोन आलेख शेजारी लावले. एकात डोंगररांग होती, दुसऱ्यात विटेसारखा सपाट ठोकळा. पुस्तकातला शब्द न् शब्द ठळक टाइपात छापला तर काहीच ठळक राहत नाही, तसंच. ढोलाचा ठोका बाकीच्यांच्या वर उठतच नाही, आणि अर्ध्या तासात कान थकतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, तो फक्त गाणं बंद करतो.

'मेटालिका'चा 'डेथ मॅग्नेटिक' सप्टेंबर २००८ मध्ये आला तेव्हा ही गोष्ट चव्हाट्यावर आली. त्याच वेळी ती गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठीही दिली गेली होती आणि गेममधल्या प्रतीवर हा दाब दिलेला नव्हता. चाहत्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकलं. चारशे-पाचशे रुपयांची सीडी फाटक्या आवाजाची आणि पोरांच्या खेळातलं गाणं मोकळं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. अल्बम पुन्हा मिक्स करा अशा मागणीवर दहा हजारांहून जास्त सह्या झाल्या. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सननेही, आपल्याकडे आलं तेव्हाच ते दाबून सपाट केलेलं होतं, असं कळवलं. कॅनडाच्या 'रश'ने मात्र चाहत्यांचं ऐकलं. २००२ चा 'व्हेपर ट्रेल्स' असाच चिरडलेला होता. २०१३ मध्ये त्यांनी तो डेव्हिड बॉट्रिलकडून नव्याने मिक्स करून घेऊन पुन्हा काढला.

गंमत म्हणजे आता या चढाओढीतून मिळवायचं काही राहिलेलं नाही. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी एका पातळीवर, साधारण उणे १४ एलयूएफएसवर (हे सरासरी आवाज मोजायचं एकक) आणून वाजवतात. ठोकळा केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि मोकळ्या गाण्याशेजारी उलट मरगळलेलं वाटतं. तरीही सवय सुटलेली नाही.

इथे एलपीवाल्यांना जिंकल्यासारखं वाटायला नको. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी महागड्या, मूळ टेपवरून काढलेल्या एलपींसाठी नावाजलेली. मधे कुठेही डिजिटल टप्पा नाही, असं तिचे ग्राहक धरून चालले होते. २०२२ मध्ये उघड झालं की कित्येक रेकॉर्डींसाठी टेप आधी उच्च दर्जाच्या डिजिटल स्वरूपात उतरवून घेतली होती. खटला झाला, अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. पण तोवर त्याच रेकॉर्डी 'शुद्ध अ‍ॅनालॉग' म्हणून याच लोकांनी डोक्यावर घेतल्या होत्या. ग्राहकांना अंधारात ठेवलं हा अपराधच. मात्र आवाज वाईट होता असं कुणी म्हणत नव्हतं. इंजिनिअरबाईंचं म्हणणं मला पटतं: टेप की फाइल याहून, खुर्चीत कोण बसलं होतं आणि त्याने किती दाबलं, हे जास्त महत्त्वाचं.

मैफलीची टेप

काकांच्या कपाटात 'डीप पर्पल'शेजारी कॅसेटींची एक रांग आहे. त्यांवर निळ्या शाईत रागांची नावं, गाव आणि साल. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांत अशी रांग आहे. खाजगी मैफलींच्या टेपा हातोहात फिरवणारी आपल्याकडची पिढी मोठी. साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत किंवा स्टुडिओत बसून गायलेल्या एलपीत जो गायक सापडत नाही तो एखाद्या गणेशोत्सवातल्या, खोकल्या-दादींसकटच्या टेपेत सापडतो, हे मराठी श्रोत्याला कुणी शिकवावं लागत नाही. रॉकचे लाइव्ह अल्बम जपणारे लोक याच जातीचे.

'द हू' या ब्रिटिश बँडचा 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स' घ्या. त्याआधीच्या अमेरिकेच्या दौऱ्यातल्या टेपांचा ढीग ऐकायला वेळ नाही म्हणून पीट टाउनझेंडने त्या जाळून टाकायला सांगितल्या होत्या. मग १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात आणि दुसऱ्या दिवशी हल शहरात रेकॉर्डिंग झालं. हलच्या टेपेत सुरुवातीच्या गाण्यांत बेस उमटलाच नव्हता, म्हणून लीड्स निवडलं. टेपेत तडतड होती, तर रेकॉर्डच्या लेबलवर सूचनाच लिहिली की ती तडतड ठीक आहे, दुरुस्त करू नये. कव्हरही चोरट्या रेकॉर्डीसारखं साधं तपकिरी ठेवलं. सहाच गाण्यांची ती एलपी १९९५ मध्ये वाढवून सीडीवर आली तेव्हा तडतड काढून टाकली गेली. २०१० मध्ये हलचा कार्यक्रमही आला. जिथे बेस नव्हता तिथे लीड्सचा बेस बसवला होता. हे वाचल्यावर काही जण चिडतात. मला ती डागडुजी प्रामाणिक वाटते, कारण कुठे ठिगळ आहे ते सांगितलं आहे.

'थिन लिझी'च्या १९७८ च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'बद्दल तसं म्हणता येत नाही. निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांच्या म्हणण्यानुसार त्यातलं पाऊण काम स्टुडिओत पुन्हा केलेलं. बँडमधल्यांनी ते साफ नाकारलं. अल्बम जबरदस्त आहे, वाद मिटलेला नाही.

'ग्रेटफुल डेड'ने तर प्रेक्षकांनाच मुद्रण करायची मुभा दिली. १९८४ पासून त्यांच्या कार्यक्रमांत मायक्रोफोन घेऊन येणाऱ्यांसाठी बसण्याची वेगळी जागा असे. अट एकच: टेपांची देवघेव करा, विक्री नको. त्यांच्या बेटी कँटर-जॅक्सन या इंजिनिअरने मुद्रित केलेला ८ मे १९७७ चा, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला कार्यक्रम असाच वर्षानुवर्षं प्रतीची प्रत होत फिरला. तो अधिकृतपणे बाजारात यायला २०१७ उजाडलं. त्याआधीच अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याला राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत जागा दिली होती.

फिरोजशहा मेहता रस्ता

या सगळ्या गोष्टीत मुंबईचा एक कोपरा आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमसाठी आला. शिवकुमार शर्मा, आशिष खाँ असे वादक त्यासाठी वाजवून गेले. स्टीरिओ मुद्रणासाठी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून आणवलं गेलं. त्याच दिवसांत मुद्रित झालेल्या वाद्यसंगीतावर हॅरिसनने लंडनला परतून गळा चढवला, आणि मार्चमध्ये 'बीटल्स'च्या 'लेडी मॅडोना' या रेकॉर्डीच्या दुसऱ्या बाजूला 'द इनर लाइट' आलं. त्यातली बासरी हरिप्रसाद चौरसियांची.

१९७२ मध्ये 'लेड झेपलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोत ते अचानक वाजवायला उभे राहिले, ही आठवण त्या काळच्या मुंबईकरांनी बरीच वर्षं पुरवली. त्यापेक्षा मोलाचं म्हणजे त्यांनी इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी नव्याने मुद्रित केली. पुढे चार दशकं ती अधिकृतपणे कुठेच नव्हती. चोरट्या रेकॉर्डींवर आणि घासलेल्या कॅसेटींवर ती फिरत राहिली. तबला आहे की टेपेची फडफड आहे, असा प्रश्न पडावा अशा प्रती.

२०१५ च्या जुलैअखेर पेजने स्वतः देखरेख केलेल्या, 'लेड झेपलिन'च्या 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत ती दोन्ही आली. काकांनी आधी त्यांच्याकडची जुनी कॅसेट लावली, मग सीडी. फरक कळायला अ‍ॅप लागलं नाही. तबल्याच्या बायाँची घुमक जागेवर आली, तारवाद्यांचा जथा सुटा झाला. रीमास्टरमध्ये काय करता येतं याचं याहून चांगलं उदाहरण मला दिसलेलं नाही. एक गोष्ट मात्र सलते. गाण्याच्या नावापुढे वादकांसाठी 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढंच लिहिलं आहे. सूर इतके स्वच्छ झाले की प्रत्येक वादक वेगळा ऐकू येतो, आणि नाव एकाचंही नाही.

टेपचं आयुष्य

मूळ टेप आहे तोवर या सगळ्या वादाला अर्थ आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच टेपांचा चिकटा हवेतला ओलावा शोषतो, टेप चिकट होते आणि वाजवायला घेतली की थर खरवडून निघतो. अशा टेपा साधारण ५४ अंश सेल्सिअसला तासन्‌तास मंद भाजून कोरड्या करतात आणि लगेच उतरवून घेतात. मुंबईच्या दमट हवेत कॅसेटींना येणारी पांढरी बुरशी काकांनी मला भिंगातून दाखवली. १ जून २००८ ला हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सलच्या आवारात आग लागली, तीत मूळ मास्टर टेपांचा साठा जळाला, आणि जगाला हे नीट कळलं ते २०१९ मध्ये, 'न्यूयॉर्क टाइम्स'ने लिहिल्यावर.

दुसऱ्या टोकाला तंत्र इतकं पुढे गेलं आहे की एकत्र मुद्रित झालेली वाद्यंही आता सुटी करता येतात. 'बीटल्स'च्या 'रिव्हॉल्व्हर'मधल्या 'टॅक्समन'मध्ये गिटार, बेस आणि ढोल एकाच ट्रॅकवर होते. २०२२ मध्ये चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने तयार केलेल्या संगणक-पद्धतीने जाइल्स मार्टिनने ते वेगळे काढून नवं मिक्स केलं. काम सुरेख आहे. पण आता कुठलाही जुना अल्बम कितीही बदलता येईल, हेही त्यातून स्पष्ट झालं.

कुठली प्रत उरेल

आणि बदललेला अल्बम आपल्यापर्यंत कसा येतो? मोबाइलवर एखादा जुना अल्बम शोधला की बहुतेक वेळा नव्यात नवं रीमास्टर समोर येतं. कधी नावापुढे साल असतं, कधी नसतं. गेल्या वर्षी ऐकलेली प्रत यंदा गुपचूप बदललेली असू शकते. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. तिथे काउंटरवर उभं राहून दोन प्रती हातात धरून विचारता यायचं, यातली कुठली घेऊ? आज तो प्रश्न विचारायला जागाच उरलेली नाही. जो वीस वर्षांचा मुलगा काकांच्या घरी येत नाही, त्याच्यासाठी 'मेड इन जपान'ची एकच प्रत अस्तित्वात आहे, आणि ती त्याने निवडलेली नाही.

नवी प्रत काढू नका, असं माझं म्हणणं नाही. जुनी बाजारात राहू द्या, आणि कुणी, कुठल्या टेपवरून, कुठल्या साली काम केलं ते डब्यावर आणि पडद्यावर ठळक लिहा, एवढं कंपन्यांकडे मागायला हवं. पुस्तकाच्या प्रत्येक आवृत्तीवर साल आणि संपादक छापतात. अल्बमला तेवढा मान मिळायलाच हवा.

तोवर आपल्या हातात एक काम आहे. या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून वडिलांच्या, काकांच्या, मावशीच्या कॅसेटी आणि सीडी निघतील. प्लेअर राहिला नाही म्हणून त्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नका. सीडीच्या मागच्या बाजूचं साल वाचा. ते ऐंशीच्या दशकातलं असेल, 'रीमास्टर्ड' हा शब्द कुठेच नसेल आणि अल्बम रॉकचा असेल, तर त्या गाण्याची सगळ्यात मोकळी प्रत कदाचित तुमच्या हातात असेल. पुसून घ्या, कोरड्या जागी उभी ठेवा, संगणकावर उतरवून घ्या. आणि ऐकणारं कुणी ओळखीचं असेल तर त्याला एकदा घरी बोलवा.